‘स्थानिक संदर्भ नाही’: इतिहास अभ्यास मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ,
यांस सादर नमस्कार.

हे पत्र मी आधी रीतसर पाठवलं होतं. प्राचार्यांमार्फत, जावक क्रमांकासह. पोच आली, दोन महिने झाले तरी उत्तर आलं नाही, म्हणून आता उघड लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माझा वाद एका निर्णयाशी आहे, आणि ज्यांना ओळख पटायची त्यांना ती पटेलच.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात सव्वीस वर्षं इतिहास शिकवते. त्यातली शेवटची अकरा वर्षं तृतीय वर्ष कला शाखेला एक ऐच्छिक पेपर शिकवला: ‘आधुनिक जगातील वंशसंहार आणि त्यानंतरचा समाज’. साठ गुणांची लेखी परीक्षा, चाळीस गुण अंतर्गत. वर्गात कधी अठरा मुलं, कधी चाळीस. मे महिन्यात एका दुपारी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या अभ्यासक्रमाची पीडीएफ येऊन पडली. वगळलेल्या विषयांच्या तक्त्यात आमचा पेपर होता आणि शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द: ‘स्थानिक संदर्भ नाही.’

माझी पहिली तक्रार याच तीन शब्दांबद्दल आहे, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण बाकीच्या तक्रारी तिच्याच पोटात आहेत.

दरवर्षी दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात पडद्यावर एक कार्ड दाखवते. आफ्रिकेतल्या रवांडाचं जुनं ओळखपत्र. त्यावर माणसाचा फोटो आणि ‘उब्वोको’, म्हणजे वांशिक गट, असा एक रकाना. त्या रकान्यात चार पर्याय छापलेले: हुतू, तुत्सी, त्वा, आणि बाहेरून येऊन नागरिक झालेला. लागू नसतील ते खोडायचे. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या बेल्जियनांनी १९३० च्या दशकात शिरगणती करून ही पद्धत लावली. १९६२ मध्ये बेल्जियन गेले, रकाना मागे राहिला. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यारस्त्यावर कडव्या हुतूंचे अडसर उभे राहिले. कार्ड दाखव. कारकुनाने कधीकाळी खोडलेल्या तीन शब्दांवरून समोरचा माणूस पुढे जाणार की तिथेच पडणार हे ठरत होतं. साधारण शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ८ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी, आणि मारायला नकार देणारे किंवा विरोधक मानलेले हुतूसुद्धा. रवांडाचं सरकार दहा लाखांहून जास्त सांगतं.

कार्ड दाखवल्यावर मी काही बोलत नाही, पाणी पिते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने दप्तरातून शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला जोडायला आणली होती. ती वर धरून तो म्हणाला, “मॅडम, हा घ्या आपला उब्वोको.” वर्ग हसला आणि मग एकदम गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, हा रकानाच काढून टाकायला पाहिजे. तेवढ्यात तांड्यावरून येणारी एक मुलगी उठली. एरवी हजेरीलासुद्धा तिचा आवाज यायचा नाही. ती म्हणाली, “रकाना काढल्यावर माझी फी कोण भरणार? आणि माझ्या आजीला शाळेच्या दारात बसवत होते तेव्हा कुठल्या कागदावर रकाना होता?”

त्यावर दोन तास गेले. मी नियोजनात तो विषय अर्ध्या तासाचा धरला होता. रकाना तोच असतो, तो वाचणारा कोण आहे आणि तो कशासाठी वाचतो आहे यावर सगळं अवलंबून, इथपर्यंत मुलं स्वतः आली. मग मी त्यांना सांगितलं की रवांडाच्या प्राथमिक शाळांत शिक्षक मुलांना गटवार उभं करायचे, हुतू उभे राहा, तुत्सी उभे राहा, आणि कित्येक मुलांना आपण तुत्सी आहोत हे त्या दिवशी वर्गातच कळलं. तास संपल्यावर तीन मुलं ऑफिसात गेली. आमच्याकडे शिष्यवृत्तीचे क्लार्क वर्गात येऊन प्रवर्गाप्रमाणे नावं पुकारायचे. त्या वर्षापासून यादी फलकावर लागते. कुणाला वाईट वाटलं नाही, भांडण झालं नाही, क्लार्कचा जिना चढायचा त्रासही वाचला.

स्थानिक संदर्भ म्हणजे आणखी काय असतं हे मंडळाने मला सांगावं.

दुसरी तक्रार. वगळण्याच्या आधी कुणी हा पेपर उघडून पाहिला असावा असं वाटत नाही. नाव वाचून समज झाला असावा की यात मढ्यांचे हिशोब असतील. अभ्यासक्रमाचा अर्ध्याहून जास्त भाग ‘त्यानंतर’ या शब्दावर आहे. मारणारा आणि वाचलेला एकाच पाणवठ्यावर आल्यावर पुढे काय, हा त्याचा प्रश्न.

जुलै १९९४ मध्ये हत्या थांबल्या तेव्हा रवांडात न्यायाधीश आणि वकील जवळपास उरले नव्हते. तुरुंगांत पुढे १ लाख २० हजारांच्या आसपास माणसं कोंबली गेली. नेहमीच्या कोर्टाच्या चालीने खटले चालवले असते तर शंभर वर्षंही पुरली नसती. संयुक्त राष्ट्रांनी शेजारच्या टांझानियात, आरुषा इथे न्यायाधिकरण बसवलं. त्याने ९३ जणांवर आरोप ठेवले. १९९८ मध्ये त्याने ताबा नावाच्या परगण्याचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याला दोषी धरलं. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेली ही पहिली शिक्षा, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं हे पहिल्यांदा याच निकालात म्हटलं गेलं. निकाल देणाऱ्या तिघांत डर्बनच्या, भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले होत्या. हा अकायेसू परगण्याचा प्रमुख होण्याआधी काय होता? शिक्षक आणि शाळा तपासनीस. आपल्याच व्यवसायातला. हे वाक्य वर्गात उच्चारताना मला दर वर्षी घसा साफ करावा लागतो.

पण आरुषात बसणार ते मोठे मासे. गावातल्या लाखभर लहान माशांचं काय करायचं? तेव्हा रवांडाने जुनी पद्धत बाहेर काढली, गचाचा. मूळ शब्दाचा अर्थ गवत. गुरं, बांध, वाटणी यांची भांडणं वडीलधारे गवतावर बसून मिटवायचे, आपल्याकडे पारावर मिटवतात तशी. २००२ मध्ये काही ठिकाणी प्रयोग, २००५ पासून देशभर, आणि जून २०१२ मध्ये समारोप. सुमारे १२ हजार गावसभा, १९ लाखांहून जास्त प्रकरणं. निवाडा करणारे गावानेच निवडलेले, बिनपगारी, कायद्याचं शिक्षण नसलेले. वकील नाहीत. आरोपीने कबुली द्यायची, बरोबर कोण होते ते सांगायचं, माफी मागायची आणि प्रेतं कुठे टाकली ते दाखवायचं. तसं केलं तर शिक्षा कमी, त्यातला काही भाग सार्वजनिक कामावर राबून फेडायचा.

वाचलेल्यांपैकी अनेकांना शिक्षेपेक्षा ते ‘कुठे’ हवं होतं. हे माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरातला माणूस पुरात वाहून गेला आणि सापडला नाही, त्या घरात दिवस कसे घालायचे यावर किती वाद होतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आणि मी गचाचाची आरती शिकवत नाही. तिथे खोट्या साक्षी झाल्या, जमिनीच्या जुन्या वैरातून नावं घेतली गेली. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. तुत्सींचं प्राबल्य असलेल्या ज्या रवांडन देशभक्त आघाडीने हत्या थांबवल्या आणि पुढे सत्ता घेतली, तिच्या सैनिकांनी केलेल्या हत्या गचाचाच्या कक्षेत आणल्याच नाहीत. वाचलेल्यांना भरपाई जवळपास मिळालीच नाही. ‘हा न्याय होता का?’ असा मोघम प्रश्न मी परीक्षेत घालत नाही. प्रश्न असा असतो: ‘तुम्ही त्या गावच्या निवडलेल्या पंचांपैकी एक आहात, आरोपी तुमचा चुलता आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या घरी काय बोलणं होईल?’ या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका कधी मागवून वाचा. गाइडमधून उतरवलेलं एकही वाक्य सापडणार नाही. इतिहासाच्या इतर पेपरांबद्दल असं छातीठोक सांगणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

तिसरी तक्रार शब्दांची. मराठीत आपल्याकडे शब्दांची कमी नाही: कत्तल, हत्याकांड, नरसंहार, शिरकाण, वंशसंहार. वर्तमानपत्रात ते मीठमसाल्यासारखे आलटून पालटून येतात. (‘शिरकाण’ हा शब्द शिर्के घराण्याच्या संहारावरून आला अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. खरंखोटं भाषातज्ज्ञ जाणोत, पण एका घराण्याच्या नावाचं क्रियेत रूपांतर झालं असं लोकांना वाटावं, हेच बोलकं आहे.) कायद्यात मात्र वंशसंहाराला नेमका अर्थ आहे. पोलिश ज्यू वकील राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये त्यासाठी इंग्रजी शब्द घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा त्याचा गाभा. राजकीय गट त्यात नाहीत. त्यामुळे कंबोडियात १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूजच्या राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने, कष्टाने आणि मारून संपली, तरी त्या राजवटीच्या नेत्यांवरच्या खटल्याच्या २०१८ च्या निकालात ‘वंशसंहार’ हा शब्द व्हिएतनामी आणि चाम मुस्लिमांपुरताच आला. बहुसंख्य मृत ख्मेर होते, मारणाऱ्यांच्याच वंशाचे, त्यांच्यासाठी वेगळी कलमं. मुलं यावर चिडतात. चिडू देत. कायद्याचा शब्द आणि दुःखाचं माप एक नसतं, हे त्यांना विसाव्या वर्षी कळलं तर टीव्हीवर रोज उधळले जाणारे शब्द ते जरा थांबून ऐकतील.

शब्द टाळण्याचंही राजकारण असतं. जून १९९४ मध्ये रवांडात प्रेतं नद्यांतून वाहत होती तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्यं’ घडली एवढंच म्हणत होत्या. एका पत्रकाराने विचारलं, अशी किती कृत्यं मिळून वंशसंहार होतो? उत्तर मिळालं नाही. त्याच्या आधी, एप्रिलमध्ये, सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना अडीच हजारांवरून २७० वर आणायचा ठराव केला होता. आणि मारणारे आपसात त्या सगळ्याला काय म्हणत? ‘काम’. सकाळी कामाला निघायचं, संध्याकाळी परत यायचं. ‘काम’ या साध्या शब्दावर मी एक पूर्ण तास घेते.

आता त्या कारणाबद्दल, जे तक्त्यात लिहिलेलं नाही.

पीडीएफ आल्यावर मी मंडळाच्या एका सदस्यांना फोन केला. त्यांचं नाव घेणार नाही. ते सौजन्याने बोलले. म्हणाले, “मॅडम, तुमचा अंतर्गत मूल्यमापनाचा भाग जरा अडचणीचा आहे. गावोगाव सलोखा आहे, उगाच जुन्या गोष्टी कशाला?” म्हणजे कागदावर विषय फार लांबचा आहे आणि फोनवर तो फार जवळचा आहे. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मंडळाने यातलं एक निवडावं आणि लेखी द्यावं.

अडचणीचा भाग कोणता, ते वाचकांना सांगते. प्रकल्पात मुलांनी घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला १९४७-४८ बद्दल विचारायचं आणि ते शक्यतो त्यांच्याच बोलीत वहीत उतरवायचं. आमच्या भागात ती वर्षं म्हणजे निजामी राजवटीचा शेवट, रझाकारांची दहशत, आणि मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. दर १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, ते अभिमानाने करतो. कारवाईनंतर काय झालं ते मात्र झेंड्याखाली सांगितलं जात नाही. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या हकीकतीही तिने नोंदवल्या. तो अहवाल दशकानुदशकं बंद राहिला. २०१३ मध्ये दिल्लीत वाचकांना पाहायला मिळू लागला.

मी याला वंशसंहार म्हणत नाही. वर्गात कुणी म्हटलं तर त्याला व्याख्या काढून वाचायला लावते. तेवढ्यासाठीच तर ती पाठ करून घेतली. पण त्यानंतरचा समाज काय करतो, कोण बोलतो, कोण गप्प बसतो, हा प्रश्न आमच्या गावांनाही लागू आहे.

एका वर्षी एकाच गावची दोन मुलं वर्गात होती. मुलाच्या आजीने सांगितलं, रझाकारांच्या भीतीने सगळी आळी रात्री तुरीच्या रानात जाऊन निजायची, लेकरू रडलं की तोंडात पदराचा बोळा. मुलीच्या नानांनी आधी सांगितलं, “लिहू नको.” तीन रविवार ती नुसती त्यांच्याजवळ बसली. चौथ्या रविवारी ते एवढंच बोलले की त्यांचे अब्बा आणि दोन चाचा गेले ते परत आले नाहीत, आणि त्यांच्या घरामागची विहीर नंतर बुजवली. दोन्ही घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. प्रकल्पाच्या सादरीकरणाला मुलाने आपली वही वाचली, मग तिने वाचली. नंतर मुलाने विचारलं, “म्हणजे मारुतीच्या देवळामागची ती सपाट जागा?” ती म्हणाली, हो. तिथे त्यांच्या गल्लीतली सगळी मुलं लहानपणी क्रिकेट खेळली होती.

त्या गावात काही घडलं नाही. दंगल झाली नाही, बोर्ड लागले नाहीत. मुलाची आजी वारली तेव्हा मुलीचे नाना मातीला गेले, एवढं मला माहीत आहे. ते आधीही गेले असते कदाचित. मी श्रेय घेत नाही.

न शिकवण्याचा प्रयोग जगात झालेला आहे, हेही मंडळाच्या कानावर घालते. रवांडाने १९९४ नंतर शाळांत देशाचा इतिहास शिकवणंच थांबवलं. कारणही समजण्यासारखं होतं: जुन्या पुस्तकांनीच तुत्सी म्हणजे उत्तरेकडून आलेले परके असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. पण पुस्तक बंद झालं तरी इतिहास बंद होत नाही, तो चुलीपाशी जातो. हुतू घरात एक, तुत्सी घरात एक, कोंगोच्या निर्वासित छावणीतून परतलेल्या घरात तिसरा. वीसेक वर्षांनी, २०१५ च्या नव्या अभ्यासक्रमात, विषय पुन्हा नीट आणावा लागला. तोही पूर्ण मोकळा नाही. २००८ च्या ‘वंशसंहारी विचारसरणी’विरोधी कायद्याची भाषा इतकी सैल होती की मुलाने अवघड प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं की नाही याची शिक्षकांना धास्ती. म्हणजे सरकारने एकच गोष्ट शिकवली तरी घोटाळा, काहीच शिकवलं नाही तरी घोटाळा. मंडळ यातला दुसरा रस्ता घेत आहे.

माझ्या बाजूचं एक दुखणंही सांगते, नाहीतर कुणीतरी सांगेलच. कुणी विचारेल, मार्च १९९७ मध्ये न्यांगेच्या शाळेत हल्लेखोर शिरले, हुतू एका बाजूला आणि तुत्सी दुसऱ्या बाजूला व्हा म्हणाले, आणि त्या मुलांनी वेगळं व्हायला नकार दिला. काही मुलं त्यात मारली गेली. आज ती रवांडाच्या राष्ट्रीय वीरांत आहेत. त्यांना कुठे हा पेपर होता? नव्हता. त्यांनी ते तीन वर्षांपूर्वी घराच्या अंगणात पाहिलं होतं. माझ्या मुलांनी ते पाहिलेलं नाही, आणि पाहायची वेळ येऊ नये.

‘मुलांच्या मनावर परिणाम होतो’ हेही फोनवर ऐकलं. होतो. पहिल्या वर्षी माझं चुकलं होतं. न्यामाटाच्या चर्चमधले फोटो मी एकामागून एक दाखवत गेले. आसऱ्याला आलेली हजारो माणसं तिथे मारली गेली, आणि त्यांचे कपडे अजून बाकांवर रचून ठेवले आहेत. एक मुलगी उठून बाहेर गेली ती आठवडाभर आली नाही. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईपुढे माझी चूक कबूल केली. तेव्हापासून फोटो एकच, तोही आधी सांगून, आणि ज्याला बाहेर जायचं त्याला दार उघडं. पद्धत चुकली तर पद्धत सुधारतात. आपण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणाचा हात भाजला म्हणून आम्ल अभ्यासक्रमातून काढत नाही.

आमच्या पेपरचे श्रेयांक ‘वारसा पर्यटन’ या विषयाला दिले आहेत. त्या विषयाशी माझं वैर नाही. औसा, परांडा, नळदुर्ग इथे आमची मुलं मार्गदर्शक म्हणून चार पैसे मिळवतील तर मला आनंदच आहे. फक्त दोन्ही ऐच्छिक ठेवता आले असते, एवढंच.

आणि हा विषय भारताचा नाही असं कुणाला वाटत असेल तर थोडक्यात: १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वंशसंहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवण्याचा मसुदा मांडणारे देश तीन होते, क्युबा, पनामा आणि भारत. १९५९ मध्ये आपण करार मान्य केला. तरी आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात हा गुन्हा आजही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी, १९८४ च्या शीखविरोधी हत्यांच्या एका खटल्याचा निकाल देताना, ही पळवाट तातडीने बुजवायला हवी असं म्हटलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यातही ती बुजवली नाही. ही पळवाट आहे हे माहीत असलेले पदवीधर आपण घडवायचे की नाही, हा मंडळाच्याच अधिकारातला प्रश्न आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. हा पेपर येत्या शैक्षणिक वर्षापासून ऐच्छिक म्हणून परत घ्यावा. सक्ती मी मागत नाही, कधी मागितली नाही.

२. तो वगळताना झालेल्या बैठकीचं इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावं. ‘स्थानिक संदर्भ नाही’ हा शेरा कुणी सुचवला आणि त्यावर काय चर्चा झाली, ते आम्हाला वाचू द्यावं.

३. एखादं प्रकरण आक्षेपार्ह वाटत असेल तर त्याचा क्रमांक सांगावा. आम्ही शिक्षक बसून बदल सुचवू. हा पेपर शिकवणारी आमची आठ महाविद्यालयं आहेत. एकालाही विचारलं गेलं नाही.

४. पुढच्या बैठकीला दोन माजी विद्यार्थ्यांना बोलवावं. मी नको. त्यांतली एक आज तालुक्याच्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक आहे. तिला या पेपरचा कामात उपयोग होतो का, ते तिलाच विचारा.

५. परिपत्रकाच्या शेवटी ‘वगळलेल्या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे दस्तऐवज विहित मुदतीनंतर निकाली काढावेत’ असं वाक्य आहे. आमच्या विभागातल्या प्रकल्प-वह्यांना ते लावू नये.

पाचव्या मागणीची थोडी घाई आहे. त्या २८६ वह्या आहेत. मी मोजल्या. ज्यांनी त्यांत सांगितलं, त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत, आणि त्यांचं बोलणं दुसरीकडे कुठेही उतरवलेलं नाही. वह्या विभागाच्या लोखंडी कपाटात आहेत, खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागली होती म्हणून वर हलवल्या आहेत. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. येत्या ३१ मे रोजी मी निवृत्त होते आहे, आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते मला त्याआधी कळायला हवं.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका